मदत हवी आहे: ब्लेंडेड क्लासच्या सर्व्हेत सगळेच 'पूर्ण सहमत'

नमस्कार मंडळी, एम.एड.चं डिझर्टेशन सुरू आहे. आर्णी तालुक्यातल्या एका कॉलेजात बी.ए.ची पोरं काही तास वर्गात, काही ऑनलाइन शिकतात, तर ती समाधानी आहेत का आणि सरांशी, आपसात किती बोलतात ते पाहायचं आहे. दूरशिक्षणाचा अभ्यासक मायकेल मूरने 1989 मध्ये संवादाचे तीन प्रकार सांगितले ना, विद्यार्थी-मजकूर, विद्यार्थी-शिक्षक, विद्यार्थी-विद्यार्थी, त्यावरून लिकर्टची पाच पर्यायांची ('पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत') प्रश्नावली बनवली. पण भौ, फॉर्म भरताना सर समोरच उभे, मग काय, सगळ्यांनी सरसकट 'पूर्ण सहमत' ठोकलं!

गूगल मीटवर मात्र कॅमेरा बंद, माइक बंद, अन् क्लास संपला की एखादी पोरगी वहीचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर सरांना एकटीच विचारते, "सर हे दुसरं उदाहरण नाही समजलं". हा संवाद कुठे मोजू? कापूस वेचणीत तर घरातला एकुलता फोन बाबांसोबत वावरात जाते, मग ते पोट्टं गैरहजर धरायचं का असमाधानी? वर्गानंतर थांबवावं तर एसटी निघून जाते.

गाईड म्हणतात प्रश्न वाढव. मला काही पटत नाही, त्यापेक्षा चार-पाच जणांच्या गटात वऱ्हाडीतच गप्पा माराव्या वाटते, सर नसताना. कोणी प्रश्नावली अन् गटचर्चा दोन्ही वापरल्या का? 'प्रश्न विचारायची भीती वाटते' अशी उलट वाक्यं टाकली तर पोरं गोंधळतात का? क्रॉनबाख अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढायच्या आधी अशा उलट वाक्यांचे गुण उलटवावे लागतात एवढं माहीत आहे. मराठीतली प्रश्नावली असेल तर पाठवा ना कोणी.