प्रार्थनेत मनच लागत नाहीये

प्रश्न: आई जाऊन चार महिने झाले, रविवारी चर्चला जाते पण उपासनेत नुसती बसून असते, घरी आईचं बायबल उघडलं की तिने पेन्सिलने केलेल्या खुणा दिसतात आणि पुढे वाचवतच नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर: अजिबात नाही ताई. बायबलमधलं स्तोत्र 42 वाचा, तिथे स्तोत्रकर्ता स्वतःच्याच जिवाला विचारतो, का खिन्न झालास. रडणं पण प्रार्थनाच आहे.

उत्तर: पंडिता रमाबाईंची मनोरमा 1921 ला गेली, एकुलती एक लेक, तरी केडगावात बाईंचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालूच राहिलं. मला त्यांचा फार आधार वाटतो.

उत्तर: त्या खुणांपैकी रोज एकच वाचा, मोठ्याने. बाबा गेल्यावर मी तेच केलं.