मदत हवी आहे: बेक करूनही चेंबर १०^-१० ला जात नाही, गळतीही सापडत नाही

निकेलवाली:
आमच्या लॅबमध्ये एक्सपीएस आणि लीड (पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं आहेत आणि अणूंची मांडणी कशी आहे ते दाखवणारी दोन तंत्रं) असलेला एक जुना यूएचव्ही, म्हणजे अति-निर्वात, चेंबर आहे. तो सांभाळणारा सीनियर पीएचडी संपवून गेला आणि चेंबर माझ्या गळ्यात पडला. एरवी २ × १०^-१० मिलीबारला निवांत बसायचा. निकेलच्या सॅम्पलचा होल्डर बदलायचा म्हणून नायट्रोजन सोडून उघडला. नवे कॉपर गॅस्केट घातले, बोल्ट समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळले, १३० अंश सेल्सिअसवर ४८ तास बेक केलं. थंड झाल्यावर प्रेशर ३ × १०^-९ वर अडलं ते अडलंच. आज अकरावा दिवस.

हेलियम घेऊन प्रत्येक फ्लँजभोवती फिरले, आरजीए (चेंबरमधले वायू रेणूंच्या वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) हेलियमच्या ४ वर लावून. काही नाही. टायटॅनियम सब्लिमेशन पंप (ताज्या टायटॅनियमच्या थरावर वायू धरणारा) पेटवला की प्रेशर जरा उतरतं, काही वेळाने पुन्हा जागेवर. सगळे फिलामेंट तापवून डीगॅस करून झाले.

आरजीएमध्ये २८ सगळ्यात उंच, त्याखाली २ (हायड्रोजन). १८ (पाणी) अगदी कमी. ३२ (ऑक्सिजन) जवळजवळ नाहीच, म्हणजे गळती नाही आणि २८ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, असं मी धरून चालले आहे. सर म्हणतात पुन्हा बेक कर, या वेळी तीन दिवस. बेक म्हटलं की फॉइल गुंडाळण्यापासून थंड होईपर्यंत आठवडा गेलाच. करू का? की आयन पंपच संपत आलाय?

हवाबंद:
आयन पंप किती वर्षांचा आहे? आमच्याकडे अशीच रडकथा होती, शेवटी पंपच बदलावा लागला.

जुना_फ्लँज:
थांबा, पंपापर्यंत एवढ्यात जाऊ नका. बेकही नको. बेक करतात ते मुख्यतः भिंतींवरचं पाणी काढायला, आणि तुमचा १८ खाली आहे. म्हणजे बेकने त्याचं काम केलंय.

३२ नाही म्हणून गळती नाही, हे मात्र तितकंसं खरं नाही. ऑक्सिजन तापलेल्या फिलामेंटवर आणि ताज्या टायटॅनियमवर खर्च होतो, त्यामुळे बारीक गळतीत ३२ दिसतोच असं नाही. अशा वेळी ४०, म्हणजे आर्गॉन, बघायचा. आर्गॉन कुणाशी संयोग पावत नाही, टायटॅनियम त्याला धरत नाही, आयन पंपही नाखुशीनेच ओढतो.

तर एवढं सांगा: १२ (कार्बन मोनॉक्साइडची खूण) आणि १४ (नायट्रोजनची खूण, त्याचाही २८ च) यांत मोठा कोण? ४० किती? आणि साफ केलेलं निकेल किती वेळात घाण होतं?

निकेलवाली:
आत्ताच स्कॅन घेतला. १४ स्पष्ट दिसतो, १२ शोधावा लागतो. स्पटरिंगनंतर (आर्गॉन आयनांचा मारा करून सॅम्पल साफ केल्यावर) ४० असतो, पण रात्रभरात उतरतो. आत्ता सिग्नल वाढवणारा मल्टिप्लायर लावूनही नॉइजमध्येच आहे.

निकेल (१११) चं म्हणाल तर तीच गंमत आहे. स्पटर आणि अनील (तापवून) करून दीड तास ठेवलं तरी एक्सपीएसमधले ऑक्सिजन १एस आणि कार्बन १एस हे पीक जेमतेम हलले, लीडचे ठिपकेही टोकदार. म्हणून तर मी इतके दिवस निर्धास्त होते.

जुना_फ्लँज:
मग तुमच्या निकेलनेच उत्तर दिलंय की!

१०^-६ टॉरला (सुमारे १.३ × १०^-६ मिलीबारला) पृष्ठभागावर आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला तर साधारण एका सेकंदात एक थर बसतो. ३ × १०^-९ मिलीबारला तोच हिशेब सात-आठ मिनिटांवर येतो. कार्बन मोनॉक्साइड साध्या तापमानालाही निकेलला घट्ट चिकटतो. तुमचा २८ तो असता तर दीड तासात सॅम्पल भरून गेलं असतं. नायट्रोजन त्या तापमानाला निकेलकडे ढुंकून बघत नाही. शिवाय १४ मोठा, १२ लहान. म्हणजे २८ हा नायट्रोजन.

पण हवा आत येत असती तर सोबत जवळजवळ १ टक्का आर्गॉन आला असता आणि तो साचत गेला असता. तो नाही. मग नुसता नायट्रोजन, हवेशिवाय, येणार कुठून? चेंबर उघडताना नायट्रोजन ज्या लाइनमधून सोडलात, ती आत्ता कुठल्या अवस्थेत आहे?

निकेलवाली:
अरे देवा. सिलिंडर उघडाच आहे. लाइन भरलेली, रेग्युलेटरवर प्रेशर दाखवतंय.

जुना_फ्लँज:
मग व्हेंट व्हॉल्व्हच्या (नायट्रोजन आत सोडायच्या झडपेच्या) सीटमधून येतोय. बाहेरून कितीही हेलियम मारा, सीटच्या मागे नायट्रोजन बसलेला असताना हेलियम तिथे पोचणारच नाही. लाइन पंपाने ओढून रिकामी करा आणि २८ कडे बघत बसा. खात्री करायची असेल तर नंतर लाइनमध्ये आर्गॉन भरा, ४० चढला पाहिजे.

निकेलवाली:
केलं! लाइन ओढल्यावर दहा मिनिटांत २८ कोसळला, प्रेशर ६ × १०^-१०. आर्गॉन भरला तर ४० लगेच वर. पुन्हा ओढून ठेवली, आज सकाळी ३ × १०^-१०. सरांना स्कॅन दाखवला, ते नुसतं ‘हं’ म्हणाले.

आता सगळ्यात उंच २ आहे, ते ठीक का? आणि व्हॉल्व्ह ऑल-मेटल आहे, पान्याने अजून थोडा आवळू का?

हवाबंद:
पंपाचे शब्द मागे घेतो. २ ची काळजी नको, स्टीलमधूनच हायड्रोजन झिरपत राहतो. चांगल्या बेकनंतर तोच वर दिसायला हवा.

जुना_फ्लँज:
अंदाजाने आवळू नका. ऑल-मेटल व्हॉल्व्हला दर वेळी बंद करताना आधीपेक्षा किंचित जास्त टॉर्क लागतो हे खरं, पण टॉर्क रेंच आणि कंपनीचा तक्ता घेऊनच. जोर जास्त झाला तर सीट कायमची जाते. सीटवर एखादा कण अडकला असेल तर आवळून तो उलट आत रुतेल.

तोवर लाइनचं टोक ब्लँक (बंद) करून ती निर्वात ठेवा, सिलिंडर बंद. राहिलेली मोजमापं उरकून घ्या, व्हॉल्व्ह पुढच्या वेळी चेंबर उघडाल तेव्हा बदला. आणि लाइनवर एक चिठ्ठी लावा, नाहीतर तुमच्यानंतर येणारा पुन्हा इथे धागा काढेल.

निकेलवाली:
चिठ्ठी लावली. लाल शाईने.