चिऱ्याच्या घरात डिजिटल ग्रँड पियानो: मांडणी, पेडल आणि चढा लागणारा गंधार

माजघर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी, जुन्या चिऱ्याच्या घरात, तीन आठवड्यांपूर्वी डिजिटल ग्रँड पियानो आला. ह्यांच्या आतेभावाने पुण्यातलं मोठं घर सोडून लहान फ्लॅट घेतला. तिथे पियानो मावेना, तेव्हा "वहिनी, तुमच्याकडे निदान वाजेल तरी," असं म्हणून त्यांनी तो टेम्पोत घालून पाठवून दिला. मी लहानपणापासून पेटी वाजवते. सासूबाई नाट्यगीतं आणि अभंग गातात, त्यांच्या साथीला एकोणीस वर्षं बसते आहे. पियानोला मात्र या आधी कधी हात लावला नव्हता.

मुख्य सांगाडा, तीन पाय, पेडलची पेटी, झाकण आणि स्टूल, सगळं सुटं आलं. वजन शंभर किलोच्या वर. वाडीतले पाच जण बोलावले, माजघरात दोन गाद्या अंथरल्या आणि मोबाइलवर मॅन्युअल उघडून ह्यांनी एकेक पाय बसवला. आतली वायर जोडताना मी टॉर्च धरून उभी होते. रात्री साडेनऊला पहिला सूर वाजला तेव्हा सासूबाई देवघरातून उठून बाहेर आल्या.

आता अडचणी सांगते. आमची फरशी शहाबादी, जुनी, सगळीकडे सारखी नाही. उजवं पेडल दाबलं की पेडलची अख्खी पेटी खाली वाकते आणि करकरते. हलक्या बोटाला आवाजच उमटत नाही, जोर दिला तर एकदम आदळतो. मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी मधूनच दुप्पट आवाजात वाजते. पियानो कोपऱ्यात ठेवलाय, तिथे खर्जाचे सूर नुसते घुमतात.

पण या सगळ्याचं मला एवढं वाटत नाही. खरा प्रश्न असा की सासूबाई म्हणतात, गंधार (सारेगम मधला ग) चढा आहे, म्हणजे हवा त्यापेक्षा किंचित उंच. त्या शहात्तर वर्षांच्या आहेत. पूर्वी पांढरी सहामध्ये, म्हणजे सप्तकातली सहावी पांढरी पट्टी षड्ज धरून गायच्या, आता काळी तीनवर आल्यात. परवा यमन राग धरला आणि दुसऱ्याच ओळीला थांबल्या. म्हणाल्या, "अगं, तुझा गंधार मला ढकलतोय." मी पट्ट्या तपासल्या, मोबाइलच्या ट्यूनरवर काटा बरोबर मध्यावर येतो. मग चढा कसा? आणि तो उतरवता येतो का? त्यांनी पियानोबरोबर गावं अशी माझी फार इच्छा आहे.

मडगावची बाय

ताई, मी बावीस वर्षं पियानो शिकवते. गंधाराचं इथले पेटीवाले सांगतील, मी बाकीचं सांगते.

पेडलच्या पेटीच्या बुडाला बोटं घालून बघा. बहुतेक डिजिटल पियानोंना तिथे हाताने फिरणारा एक जाड स्क्रू असतो. तो फिरवून जमिनीला घट्ट टेकवायचा. तो अधांतरी राहिला तर पायाचा सगळा जोर पेटीच्या सांध्यावर येतो, आणि दोन-चार महिन्यांत सांधा सैल होतो. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या निम्म्या घरी हा स्क्रू कुणी फिरवलेलाच नसतो. पुठ्ठ्याची घडी घालू नका, पावसात पुठ्ठा ओल धरून बसतो. पायांखाली लाकडाच्या सपाट चकत्या ठेवा.

कोपऱ्यातून बाहेर काढा. भिंतीपासून निदान हातभर अंतर हवं, दोन भिंती मिळतात तिथे तर नकोच. या पियानोत तारा नसतात, स्पीकर असतात, आणि त्यातले काही खाली फरशीकडे तोंड करून असतात. उघड्या फरशीवर आवाज आदळून परत येतो. खाली जाड सतरंजी घाला, फरक लगेच कळेल. झाकण अर्धं उघडून आणि पूर्ण उघडून, दोन्ही तऱ्हांनी ऐका.

दमट हवेचं सांगते, कारण तुमचंही घर समुद्राजवळ. आमच्याकडे जुन्या तारांच्या पियानोत पावसाळ्यात ओल मारायला आत छोटा बल्ब लावून ठेवतात. ते पाहून कुणी तसं सुचवेल. डिजिटल पियानोत बल्ब अजिबात लावायचा नाही. तारा गंजायची भीती इथे नाही, पण पट्ट्यांखालचं फेल्ट आणि लाकूड आहेच. वाजवून झालं की पट्ट्यांवरचं झाकण बंद करा, पण प्लास्टिकचं कव्हर नको, आत वाफ धरते. सुती चादर बरी. आणि रोज वाजवा. रोज वाजणाऱ्या पियानोत मुंग्या घर करत नाहीत.

आता बोटांबद्दल. पेटीत आवाज भात्याचा. बोट फक्त वाट उघडतं, म्हणून पेटीवाल्यांची बोटं पट्टीवर सरकतात, दाबून राहतात. पियानोत आवाज किती, हे पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर ठरतं. पट्टी तळाला गेल्यावर कितीही दाबा, काही होत नाही, सूर आपोआप विरत जातो. तुम्ही जमिनीवर मांडी घालून, पेटी जवळ घेऊन बसत असणार. इथे स्टूल असं उंच करा की कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल. मग एकच सूर घ्या, आणि बोटाने न मारता हाताचं वजन सोडून तो वाजवा. दहा मिनिटं, तोच एक सूर. माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात मी दुसरं काही देत नाही.

निळी वायर

वरच्या ताईंशी पूर्ण सहमत. मी इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करतो, ठाण्यात.

पियानो वापरलेला आहे, म्हणजे आधीच्या मालकाने केलेली सेटिंग्ज आत तशीच असतील. सगळ्यात आधी फॅक्टरी रीसेट करा. हलक्या बोटाला आवाज नाही म्हणजे टच "हार्ड"वर ठेवलेला असण्याची शक्यता मोठी. रीसेट केल्यावर तो मध्यम होईल. तुमच्यासाठी सुरुवातीला "सॉफ्ट" ठेवा, महिन्याभराने मध्यमवर या.

मधूनच जोरात वाजणारी पट्टी: पट्टीखाली रबराच्या पट्टीवर कार्बनचे बारीक ठिपके असतात. एका पट्टीला दोन किंवा तीन. पहिला ठिपका टेकल्यापासून पुढचा टेकेपर्यंत किती वेळ गेला, यावरून पियानो वेग मोजतो. मध्ये धूळ किंवा केस अडकला की हे मोजमाप चुकतं आणि पियानोला वाटतं तुम्ही फार जोरात मारलंत. आधी व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून पट्ट्यांच्या फटींवरून हलकेच फिरवा. तेल, स्प्रे, काही मारू नका. नाही थांबलं तर कारागीर बोलवा, स्वतः उघडू नका.

वीज. जुनं घर आहे, अर्थिंग तपासून घ्या. लॅपटॉप चार्जिंगला लावून पियानोला जोडला की गुणगुण येते, ती बहुतेक वेळा याचीच. विजा चमकायला लागल्या की प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर पियानो त्यावर चालेल, साध्या स्क्वेअर वेव्हवर स्पीकर घुं करतात. (हा पियानो पुण्याचा आहे म्हणून ठीक. कुणी जपान किंवा अमेरिकेहून आणला असेल तर मागचं लेबल वाचल्याशिवाय लावू नका. तिकडची वीज १०० आणि १२० व्होल्टची.)

पुढे कधी टॅबला जोडाल म्हणून आणखी एक. ब्लूटूथने गाणं पियानोच्या स्पीकरवर ऐकणं वेगळं आणि ब्लूटूथ मिडी, म्हणजे कोणती पट्टी कशी दाबली ही माहिती ॲपला पाठवणं, वेगळं. मिडी टॅबच्या सेटिंग्जमधून नाही, बहुतेक वेळा ॲपच्या आतून जोडावी लागते. आणि रेकॉर्डिंग करताना प्रत्येक सूर दोनदा ऐकू आला तर "लोकल कंट्रोल", म्हणजे पट्ट्यांचा पियानोच्या स्वतःच्या आवाजाशी असलेला जोड, बंद करतात. नंतर तो परत चालू करायला विसरलात तर पट्ट्या मुक्या होतात. असे "बिघडलेले" पियानो मी तीन वेळा दोन मिनिटांत दुरुस्त केलेत.

काळी चार

ताई, तुमच्या सासूबाईंचा कान शंभर टक्के बरोबर आहे. आणि ट्यूनरचा काटाही बरोबर आहे. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, एकेक शंभर सेंटचा. त्या हिशेबाने षड्जापासून शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या षड्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो ३८६ वर. म्हणजे पियानोचा गंधार १४ सेंट चढा. धैवत १६ चढा, निषाद १२. पंचम जवळजवळ जागेवर असतो, दोनच सेंट कमी, म्हणून तो खटकत नाही.

हे कानाने बघा. इतर सगळं बंद करून मध्याच्या खालची काळी तीन आणि तिचा गंधार, म्हणजे काळी पाच, एकत्र दाबून धरा. आत एक थरथर ऐकू येईल, सेकंदाला सातेक वेळा. प्रत्येक सुरात वरचे बारीक सूर दडलेले असतात, त्यांना स्वरांश म्हणतात. षड्जाचा पाचवा स्वरांश आणि गंधाराचा चौथा स्वरांश जवळजवळ एक आहेत, पण एक नाहीत, त्यांची ती ओढाताण. सासूबाईंना जे "ढकलणं" वाटतं ते हेच.

हा वाद आपल्याकडे जुना आहे. पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही आणि तिचे सूर समान अंतरावर बांधलेले, अशा आक्षेपांवरून १९४० साली आकाशवाणीने पेटी बंद केली होती, ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म सुरांची, पेटी तयार केली तीही याच तळमळीतून.

आता मला सांगा, तुमची पेटी गंधार ट्यूनिंगची, म्हणजे एकाच षड्जाला धरून शुद्ध स्वरांत लावलेली, आहे का? एकोणीस वर्षं त्या पेटीवर सासूबाई थांबल्या नाहीत, म्हणून विचारतो.

माजघर

हो! कारागिराने त्यांच्या काळी तीनला लावून दिली आहे. त्यामुळे दुसऱ्या कुणाला काळी एकमध्ये साथ करायची असेल तर मी शेजारून दुसरी पेटी आणते. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तुमचं वाचून मेनूमध्ये शोधलं. "टेंपरामेंट", म्हणजे सुरांमधली अंतरं बदलायची सोय, सापडलं, त्यात शुद्ध स्वरांचं "प्युअर मेजर" लावलं. पण काळी तीनवर वाजवलं तर आधीपेक्षा वाईट! पंचमसुद्धा हलला. सासूबाईंनी हात वर केला, मी बंद केलं.

काळी चार

बरोबर वाटेवर आहात, एक पायरी राहिली. तिथेच "बेस नोट" किंवा "बेस की" असं काहीतरी असेल. ते मुळात सी वर, म्हणजे पांढरी एकवर असतं. तुम्ही शुद्ध स्वर लावले ते पांढरी एकचा षड्ज धरून, आणि वाजवलंत काळी तीनवरून. बेस एफ शार्प, म्हणजे काळी तीन, करा. ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय) शून्यावर ठेवा, तुमच्या बोटांना काळी तीन पाठ आहेच.

त्याच्याही आधी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि पियानो यांचा षड्ज मिळवून घ्या. पियानोचं मास्टर ट्यूनिंग, म्हणजे सगळ्या सुरांची मूळ उंची, सहसा ४४० हर्ट्झवर असतं, तंबोऱ्याची फाइन ट्यूनिंगची कळ कुठेतरी फिरलेली असते. षड्जच सरकला असेल तर पुढचं सगळं वाया.

तयार टेंपरामेंट सगळ्या रागांना पुरणार नाही, हेही सांगून ठेवतो. कोमल स्वरांचे राग आले की प्रत्येक पट्टी सेंटमध्ये वर-खाली करायची सोय तुमच्या मॉडेलमध्ये आहे का बघा. असल्यास कोमल गंधार १६ ने वर, कोमल धैवत १४ ने वर, इथून सुरुवात करा आणि मग आकडे सोडून सासूबाईंना विचारा. दरबारी रागाचा गंधार कोणत्याच आकड्यात बसणार नाही, तिथे पियानोने तो सूर गाळून षड्ज-पंचम धरून ठेवावा हे उत्तम.

माजघर

चार दिवसांनी लिहिते आहे.

पियानो कोपऱ्यातून काढून खिडकीच्या आतल्या अंगाला आणला, खाली लग्नातली जाड सतरंजी घातली. पेडलखालचा स्क्रू होता, धुळीने भरलेला; सात वेढे फिरवल्यावर फरशीला टेकला. करकर गेली. रीसेट केल्यावर बोटांना हलकं वाटतं. व्हॅक्यूम फिरवताना फटीतून वाळलेली पालीची दोन अंडी आणि एक केसांची पिन निघाली. ती पट्टी अजून कधीतरी ओरडते, कारागिराला निरोप धाडलाय.

काल संध्याकाळी वीज होती. आधी तंबोरा मिळवला, तो सहा सेंट उतरलेला निघाला. मग बेस काळी तीनवर केला. षड्ज-गंधार धरून ठेवले आणि मी कान देऊन बसले. थरथर नव्हती. दोन सूर एकमेकांत असे मिसळले की दुसरी पट्टी दाबली आहे हे बोटालाच कळत होतं, कानाला नाही.

सासूबाईंना काही सांगितलं नाही. त्या तांदूळ निवडत होत्या. मी यमनातले सूर हळूहळू, उजवं पेडल दाबून, एकेक सोडत राहिले. नी रे ग. थोड्या वेळाने सुपाचा आवाज थांबला आणि आतून त्यांचा गंधार आला. लांब, न हलता. मग ताट बाजूला सारून त्या बाहेर आल्या, स्टुलाशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि पाऊण तास गायल्या. पेटीसारखं प्रत्येक सुरामागे धावायचं नाही, सूर सोडला की तो विरेपर्यंत त्यांना मोकळी जागा द्यायची, हे मला मध्येच कधीतरी उमगलं.

काळी चार दादा, तीव्र मध्यम त्यांना अजून किंचित उंच हवा आहे. माझ्या पियानोत एकेक पट्टी बदलायची सोय सापडली. आत्ता तो दहा सेंट खाली दिसतोय. तो कितीने चढवून बघू?

काळी चार

दोन-दोन सेंटने चढवा, आणि प्रत्येक वेळी त्यांना नी रे ग मे (मे म्हणजे तीव्र मध्यम) पर्यंत गायला सांगा. नुसता मध्यम धरायला सांगू नका, चालीत येऊ दे. जिथे त्यांचा आवाज सरळ राहील तिथे थांबा आणि तो आकडा पेटीच्या झाकणाच्या आत खडूने लिहून ठेवा, वीज गेल्यावर सेटिंग टिकेलच याचा भरवसा नाही.