पिठीसाखर आणि कॅस्टर शुगर एक नव्हे

ताई, बटर फेटताना कॅस्टर शुगरऐवजी (म्हणजे बारीक दाण्याच्या साखरेऐवजी) घरची पिठीसाखर घातली आणि स्पंज दडस झाला, असं तुम्ही लिहिलंत. दोष ओव्हनचा नसावा. साखरेचे कण बटरमध्ये घुसतात तेव्हा हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, पुढे तेच फुगतात. पिठीचे कण फारच बारीक, मग पुरेशी हवा धरणार कशी? ठाण्यात जांभळी नाक्यावर मिळणारी जाड दाण्याची साखर तशीच घातली तर ती पुरती विरघळत नाही, केकवर ठिपके दिसतात. कॅस्टर शुगर नसेल तर हीच साखर घेऊन मिक्सरमध्ये दोन-दोन सेकंदांचे तीन-चार झटके द्या, चाळा. चिमटीत बारीक रव्यासारखी लागली पाहिजे.

आणि कृपा करून वजनाने मोजा! कपभर साखर 200 ग्रॅम, कपभर पिठी साधारण 120च.

नानकटाईला मात्र पिठीच हवी, ती कमी पसरते. आयसिंगसाठी घरच्या पिठीत 100 ग्रॅमला चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळा, नाहीतर ठाण्याच्या पावसाळ्यात गुठळ्या होतात.

ब्राऊन शुगर नसेल तर 200 ग्रॅम साखरेत एक मोठा चमचा काकवी चोळा. रंग आणि ओलावा दोन्ही येतात.