पहिलंच क्रेडिट कार्ड आलंय, ऑनलाईन वापरताना काय काय सांभाळायचं?

अनगोळचा_गडी
नमस्कार सगळ्यांना. बँकेनं मागं लागून लागून शेवटी क्रेडिट कार्ड गळ्यात मारलंच, आता आलंय तर वापरायचं म्हणतोय. गणपतीच्या आधी मिक्सर आणि पोरांचे कपडे घ्यायचेत, बेळगावच्या खडेबाजारात फिरून दर काढले पण ऑनलाईन स्वस्त पडालंय. वडील म्हणालेत कार्डाचा नंबर टाकला की खातं मोकळं झालंच समज. शिवाय पैसे भरताना ती साईट कार्ड सेव्ह करू काय म्हणून विचारतीय, करायचं का? आणि इन्स्टावर साड्यांच्या जाहिराती येतात त्यातली एक मंडळींना आवडलीय, तिथं कार्ड टाकायला चालतंय काय? जाणकारांनी सांगा की.

टिळकवाडी_पेन्शनर
बँकेत होतो म्हणून लिहितो, जरा लांबेल. वडिलांना आधी सांगा की क्रेडिट कार्डातून गेलं तर ते बँकेनं दिलेल्या लिमिटमधून जातं, तुमच्या बचत खात्याला हात लागत नाही. बिल यायच्या आत तक्रार करता येते. उलट डेबिट कार्डात पैसा आधी जातो आणि मग तुम्ही हेलपाटे घालत बसता. म्हणून ऑनलाईनला डेबिटपेक्षा क्रेडिट बरं असं माझं मत, फक्त बिल पूर्ण आणि वेळेत भरायचं.

सेव्ह करण्याचं असं आहे की १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं दुकानदार साईटना तुमचा पूर्ण नंबर स्वतःकडे ठेवायला बंदी केली आहे. सेव्ह केलं की नंबराऐवजी एक टोकन तयार होतं, ते त्या एकाच साईटपुरतं चालतं, उद्या साईट फुटली आणि टोकन चोराच्या हातात गेलं तरी त्याला दुसरीकडे काही घेता येत नाही. टोकन करताना तुमची संमती आणि ओटीपी लागतोच. त्यामुळे नेहमीच्या मोठ्या साईटवर सेव्ह करायला हरकत नाही, दरवेळी सोळा आकडे टाईप करण्यापेक्षा बरंच. सीव्हीव्ही, म्हणजे कार्डामागचे तीन आकडे, मात्र कुणीच साठवायचा नसतो. आणि कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवणारे लोक आहेत, ते कृपा करून बंद करा.

अजून एक, कार्ड आल्यावर ऑनलाईन चालत नसेल तर घाबरू नका. मार्च २०२० पासून नवीन कार्ड ऑनलाईन, परदेशी आणि टॅप (मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं) या तिन्हीला बंद ठेवूनच देतात, बँकेच्या ॲपमधून आपण चालू करायचं. तिथंच लिमिटही लावता येतं. मिक्सर चार हजाराचा असेल तर ऑनलाईन लिमिट पाच हजार ठेवा, खरेदी झाली की परत बंद. माझं वर्षभर बंदच असतं.

निपाणी_तंबाखूवाला
पेन्शनर काकांनी बरोबर सांगितलं, पण आमच्याकडं जे झालं ते साईटवरनं नाही झालं, फोनवरनं झालं. आमच्या पाहुण्यांना कार्ड मिळाल्यावर आठवड्यातच फोन आला, रिवॉर्ड पॉइंट संपालेत म्हणून. आता आपल्याकडं बँकेत गेलं की कन्नड नाहीतर हिंदी, आणि इथं तो गडी अगदी गोड मराठी बोलालाय म्हटल्यावर पाहुणे खूश, आपला माणूस भेटला म्हणून सगळं सांगत गेले. शेवटी ओटीपी सांगितला. त्या मेसेजमध्ये किती रुपये आणि कुठल्या दुकानाला ते स्पष्ट लिहिलेलं असतंय ओ, पण वाचतोय कोण, सगळे फक्त सहा आकडे बघतात. ओटीपी टाकायच्या आधी रक्कम वाचायची एवढी एक सवय लावून घ्या.

वडगाव_अक्का
साडीचं विचारलाय म्हणून सांगते, शहापूर-वडगावात माग खडखडत असताना इन्स्टावर साडी कशाला बघालाय रे भावा 😄 घ्यायचीच असेल तर पत्ता आणि फोन नंबर हाय का बघ, नसला तर सोड. आणि पत्त्याजवळ कुलूप दिसतंय म्हणून साईट चांगली असं काही नसतंय, कुलपाचा अर्थ मधे कोण वाचत नाही एवढाच, पलीकडं बसलेला चोर असला तरी कुलूप दिसतंयच. कॅश ऑन डिलिव्हरी घेतलास तर कार्ड वाचेल, पण पार्सलात पोतेरं निघालं तर पैसे गेलेच, तेव्हा तो पण काही रामबाण नाही.

अनगोळचा_गडी
अक्का, मंडळींना दाखवला तुमचा मेसेज, बोलणं खाल्लं 🙏 अजून एक, भावाचा पोरगा इंजिनिअरिंगला हाय, त्याला कसलं तरी बाहेरच्या देशातलं सॉफ्टवेअर महिन्याच्या महिन्याला घ्यायचंय, माझं कार्ड मागालाय. द्यावं काय?

हॉस्टेल_रूम_बारा
मी पण इथंच शिकतोय म्हणून सांगतो. परदेशी साईटवर बऱ्याचदा ओटीपी मागतच नाहीत, नंबर, तारीख आणि सीव्हीव्ही एवढ्यावर पैसे कटतात, म्हणजे खरी भीती तिथं आहे. तुम्ही स्वतः बसून भरा, इंटरनॅशनल चालू करा, लिमिट कमी ठेवा, भरून झालं की बंद. पण दर महिन्याचं असेल तर बंद ठेवल्यावर पुढचा हप्ता अडकू शकतो, ते लक्षात ठेवा. महिन्याला कटणारं असेल तर पहिल्यांदा ओटीपीनं परवानगी घेतात, मग १५,००० पर्यंत परत ओटीपी न मागता कटतं, फक्त २४ तास आधी मेसेज यायला पाहिजे. तो मेसेज आला की नको असेल तर ॲपमधून मँडेट, म्हणजे ती परवानगी, रद्द करता येतं. मुलं फ्री ट्रायल घेऊन विसरतात आणि बिल तुम्हाला येतं.
रुपे क्रेडिट कार्ड (कार्डावर RuPay लिहिलेलं असतं) असेल तर यूपीआयला जोडा, मग यूपीआय घेणाऱ्या साईटला कार्ड नंबर द्यायलाच लागत नाही.

निपाणी_तंबाखूवाला
गाडीच्या दंडाच्या चलनाच्या नावानं एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) येतीय व्हॉट्सॲपवर, ती तर अजिबात उघडायची नाही. ती बसली की मेसेजच तिकडं वाचतात, मग ओटीपी सांगायची पण गरज राहत नाही.

टिळकवाडी_पेन्शनर
हे महत्त्वाचं आहे. आणि गेलेच पैसे तर लाजत घरी बसू नका. आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक, मग बँकेला कळवून तक्रारीचा नंबर घ्या, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या सर्क्युलरप्रमाणे चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर भुर्दंड तुमच्यावर नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं, म्हणून तासातासाला फरक पडतो. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथंही चोरांनी स्वतःचे नंबर टाकून ठेवलेले असतात. कार्डाच्या मागं छापलेला असतो तोच, आणि तो आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा कारण कार्ड हरवल्यावर मागची बाजू कुठून बघणार.

वडगाव_अक्का
पोलिसांत जायचं तर सीईएन ठाण्यात जावा, सायबरचं तिथं बघतात. स्टेटमेंट आणि मेसेजची प्रिंट घेऊन जायची, आणि कन्नड नीट येत नसेल तर येणारं कोणतरी बरोबर न्यायचं, तक्रारीत काय लिहिलंय ते वाचून घेऊनच सही करायची.