मॅकबेथ आधी सोप्या इंग्रजीत वाचायचा की थेट मुळातून?

रेडिंगची_आई:
नमस्कार मंडळी. लेक इथे इंग्लंडमध्ये इयर टेनला (आपली नववी) आहे. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, शेक्सपिअरचं एक नाटक असतंच, सुटका नाही, हिच्या वाट्याला मॅकबेथ आलंय आणि परीक्षेत पुस्तक जवळ ठेवता येत नाही. शाळेने दिलेल्या पुस्तकात डावीकडे मूळ नाटक आणि उजवीकडे तेच आजच्या इंग्रजीत. बाईसाहेब फक्त उजवं पान वाचतात. विचारलं तर म्हणे "आई, सेमच आहे, तिकडे उगाच अवघड करून लिहिलंय".

माझं स्पष्ट मत, उजवं पान काढून घ्यावं. परवा बसवलं तिला त्या ओळीवर, "इफ इट वेअर डन व्हेन टिज डन, देन ट्वेअर वेल इट वेअर डन क्विकली". आता ह्यात डिक्शनरी लागेल असा एक तरी शब्द आहे का? सगळे पहिलीतले शब्द, तरी हिला कळेना, "नुसतं डन डन डन आहे" म्हणाली. म्हटलं मराठीत सांग बघू. अडखळत म्हणाली, "ते केलं की संपलं असं असतं, तर पटकन केलेलं बरं". आणि मग स्वतःच, "पण ते म्हणजे काय? खून म्हण ना सरळ!" अहो हेच तर आहे! राजाला मारायचंय आणि त्या माणसाच्या तोंडातून शब्द निघत नाहीये. उजव्या पानावर हे सगळं आधीच उलगडून ठेवलेलं, मग पोरीला प्रश्न पडणार कुठून?

कोडवाला:
ताई, राग मानू नका पण हा हौशी पालकांचा प्रॉब्लेम आहे. चारशे वर्षं जुनी भाषा आहे ती, पंधरा वर्षांच्या मुलीने का म्हणून झिजायचं? जर्मन लोक शेक्सपिअर जर्मनमध्ये बघतात आणि मजेत बघतात, अडतं फक्त इंग्रजांचं कारण त्यांना वाटतं आपल्याला कळतंय. जॉन मॅकव्होर्टर नावाचा अमेरिकन भाषातज्ज्ञ हेच सांगत आलाय की आता भाषांतर करून टाका. २०१५ मध्ये ओरेगॉन शेक्सपिअर फेस्टिव्हलने ३६ नाटककारांना ३९ नाटकं आजच्या इंग्रजीत आणायला सांगितली, तेव्हा केवढा गदारोळ झाला, जणू कुणी मूळ प्रती जाळल्या. आणि खरं सांगा, तुम्ही ज्ञानेश्वरी अर्थ न बघता वाचता का?

बाय द वे, पुढच्याच वाक्यात मॅकबेथ "असॅसिनेशन" (हत्या) म्हणतो. तोंडातून शब्द निघत नाही वगैरे जरा जास्तच झालं.

रेडिंगची_आई:
असॅसिनेशनचं मान्य, खाली "मर्डरर"सुद्धा आहे. पण आधी तीन-चार वेळा "इट" आणि मग हा असा लांबलचक लॅटिन वळणाचा शब्द, हातमोजे घालून उचलल्यासारखा. माझं म्हणणं तेवढंच.
ज्ञानेश्वरी अर्थ बघूनच वाचते. पण ओवी आधी वाचते हो!

गोंयकार७१:
तुलना चुकीची आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची, शेक्सपिअरच्याही तीनशे वर्षं आधीची. त्याच्या काळातलं मराठी हवं असेल तर आमच्याकडे या. थॉमस स्टीफन्स म्हणून अस्सल इंग्रज पाद्री, १५७९ ला गोव्यात आला, त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ ला राचोलला छापलं, ते पण रोमन लिपीत. शेक्सपिअर वारला तेच साल. "भासांमाजी चोखळा भासा मराठी", सांगा, कुणाला कळलं नाही? चोखळा शब्द आज कोणी वापरत नाही पण चोख माहीत आहे ना, तेवढ्यावर निभतं. इंग्रज मुलाचं शेक्सपिअर वाचताना असंच होतं, निम्मं अंदाजाने. अंदाज बांधायची सवयच मोडली तर काय उरलं?

कोडवाला:
एक ओळ कळणं आणि अख्खं पुराण कळणं ह्यात फरक आहे भाऊ.

मास्तरीण_रिटायर्ड:
तालुक्याच्या गावी सत्तावीस वर्षं बी.ए.ला इंग्रजी शिकवलं, म्हणून चार शब्द जास्त लिहिते.

अंदाज बांधा म्हणणाऱ्यांनी जरा थांबा, कारण घात तिथेच होतो. अवघड शब्द मुलं शोधतात हो. फसवतात ते ओळखीचे शब्द. हॅम्लेट म्हणतो "आय विल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी", मुलं लिहितात "मला जो जाऊ देईल त्याचं भूत करीन". अरे बाबांनो, इथे लेट म्हणजे अडवणं! "रायव्हल्स ऑफ माय वॉच" म्हणजे पहाऱ्यावरचे सोबती, शत्रू नव्हेत. ज्युलिएटचं "व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ" म्हणजे कुठे आहेस नव्हे, तू रोमिओ का आहेस, त्या घराण्यातलाच का. गॅलरीतून वाकून शोधणारी ज्युलिएट मी पेपरात किती वेळा तपासली असेल. आणि प्रेझेंटली म्हणजे तेव्हा ताबडतोब होतं, नंतर माणसं सवडीने यायला लागली आणि शब्द ढिला पडला. आपलं "आत्ता आलोच" तसंच.

पण मला खरं सांगायचंय ते दाऊ (तू) आणि यू (तुम्ही) बद्दल. हॅम्लेटला आई म्हणते "दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड", तू तुझ्या वडिलांना दुखावलंस. तो उलट म्हणतो "मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड", आणि लगेच तीही यू वर येते. आपल्या मुलांना हे समजवावं लागत नाही. घरात भांडण झालं की "हो का, तुम्ही म्हणाल तसं" हा टोन ऐकलाय सगळ्यांनी. लिअर राजाला त्याचा सरदार केंट भर दरबारात म्हणतो "व्हॉट वुड्स्ट दाऊ डू, ओल्ड मॅन", म्हणजे काय करतोयस काय म्हाताऱ्या! हे सांगितलं की शेवटच्या बाकावरचा पोरगासुद्धा मान वर करायचा. आजच्या इंग्रजीत सगळ्यांना यू, उजवं पान कितीही चांगलं लिहा, ही थप्पड त्यात मावतच नाही. मराठीत मावते.

तरी ताई, उजवं पान काढून घेऊ नका. मी आधी गोष्ट मराठीत सांगून टाकायचे, दहा मिनिटांत, आणि मग मूळ पान. पुढे काय होणार ह्याची धास्ती नसली की मुलं शब्दाकडे बघतात.

कोडवाला:
मॅडम, लेट आणि रायव्हलची उदाहरणं तर माझ्याच बाजूची झाली. शब्द असे दगा देत असतील तर बदललेलेच बरे. आणि दाऊ-यू इतकं काटेकोर नाहीये, एकाच माणसाला दोन ओळींत दोन्ही येतं, तेव्हा तो फरक पुसटच होत चालला होता.

मास्तरीण_रिटायर्ड:
पुसट होत होता, कबूल. पण आपल्याकडे तरी कुठे सरळ आहे, आईला तू, वडिलांना तुम्ही आणि विठोबाला पुन्हा तू. इंग्रजीतही देवाला दाऊच. गंमत अशी की प्रार्थनेत ऐकून ऐकून आता लोकांना दाऊच आदरार्थी वाटतो, पार उलटं. नियम म्हणून शिकवू नका, बदलला की विचारा, का बदलला?
शब्दांचं म्हणाल तर पानाखाली टीप द्या ना. एका खिळ्यासाठी भिंत कशाला पाडायची?

नाटकवेडा_सांगली:
तुम्ही सगळे पानांवरून भांडताय, डावं काय नि उजवं काय. हे बोलायला लिहिलंय राव! त्या काळी नटाला अख्खं नाटक मिळायचंच नाही, फक्त त्याची वाक्यं आणि आधीच्या माणसाचे शेवटचे दोन-तीन शब्द, बाकी कान देऊन ऐकायचं. वर्गात असं करून बघा, चिठ्ठ्या वाटा, कोण आपल्याला काय बोलणार माहीत नाही, पोरं कान टवकारून बसतात.

आणि अवघड शब्दाचं म्हणाल तर तो स्वतःच सोडवून देतो की. मॅकबेथचे हात रक्ताने माखलेत, म्हणतो ह्या हातांनी "द मल्टिट्यूडिनस सीज इनकार्नाडाइन", कुणाला घंटा कळत नाही, आणि लगेच पुढे "मेकिंग द ग्रीन वन रेड". हिरव्याचं लाल. झालं की भाषांतर! पिटात उभ्या माणसासाठी एक ओळ, वर बसलेल्यासाठी एक, दोन्ही त्याच तोंडून.

कोडवाला:
छान आहे, पण परीक्षेत अभिनयाला मार्क नाहीत.

नाटकवेडा_सांगली:
तुमच्या पणजोबांनी देवलांचा झुंझारराव बघितला असेल तर ऑथेल्लो बघितला त्यांनी, १८९० पासून आहे तो. तेव्हा कुणी मार्क दिले होते?

कोडवाला:
देवलांनी भाषांतरच केलं ना मग! मी पहिल्यापासून काय बोंबलतोय!! 😀

गोंयकार७१:
हा पॉइंट कोडवाल्याला. पण रूपांतर म्हणा, देवलांनी माणसंसुद्धा बदलली. उजव्या पानावर नावं तीच, घटना त्याच, फक्त बोलणं पातळ. ताकाऐवजी नुसतं पांढरं पाणी.

रेडिंगची_आई:
सगळ्यांचे आभार, भांडणाचेसुद्धा. शनिवारी मास्तरीणबाईंचं ऐकून आधी पूर्ण गोष्ट सांगितली, मग चिठ्ठ्यांचा प्रयोग केला, तीन पात्रं, मी, नवरा आणि ती. नवरा पहिल्या पाच मिनिटांत झोपला. दाऊ-यू मात्र जमवायला वेळ लागला, कारण आमच्या घरात सगळेच तू, तुम्ही म्हणायचं ते फक्त कोल्हापूरच्या आजोबांना फोनवर. म्हणून केंटची ओळ सांगितली. तर काल फोनवर आजोबांनाच "व्हॉट वुड्स्ट दाऊ डू, ओल्ड मॅन" म्हणून मोकळी. आजोबा म्हणाले, वा, इंग्रजी सुधारलंय पोरीचं.

उजव्या पानावर सध्या पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. कोडवाला, अडली तर उचलून बघते, तेवढं तुमचं.