प्रति: कम्युनिटी कॉलेज म्हणजे फक्त पायरी?

अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांच्या डिग्र्या देणारं स्थानिक सरकारी कॉलेज) 'हे पुढे युनिव्हर्सिटीत जाण्यापुरतंच' हे वरचं मत अर्धंच पटलं. तिथला असोसिएट डिग्रीचा, म्हणजे दोन वर्षांचा, नर्सिंग कोर्स केला की एनक्लेक्स-आरएनला, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या (आरएन) परवान्याच्या परीक्षेला, बसता येतं. चार वर्षं बीएसएन (नर्सिंगची बॅचलर डिग्री) करणारेही तीच परीक्षा देतात, आरएनचा परवानाही तोच.

फक्त 'दोन वर्षांत' या शब्दावर भुलू नका. माझ्या जावेने कॅलिफोर्नियात हा कोर्स केला. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, सगळं लॅबसकट आधी पूर्ण करायचं, मगच अर्ज! तिचं पुण्याचं बीकॉम इथे काय कामाचं? दीड वर्ष या विषयांतच गेलं. आता नोकरी सांभाळून ऑनलाइन बीएसएन करतेय, कारण बरीच मोठी हॉस्पिटलं तीच डिग्री मागतात.